जुन्या विमानातील सर्व्होंची तपासणी

रेडिओ-नियंत्रित विमानातील नेहमीच्या आकाराचा सर्व्हो म्हणजे जेमतेम काडेपेटीएवढा प्लास्टिकचा डबा. त्यात एक छोटी मोटर, दातेरी चाके, एक पोटेन्शिओमीटर आणि सर्किट असते. रिसीव्हरकडून साधारण दर २० मिलिसेकंदांनी विजेचा एक ठोका येतो. तो १ मिलिसेकंद टिकला तर हॉर्न, म्हणजे सर्व्होच्या दांड्यावरची फिरती भुजा, एका टोकाला जातो, २ टिकला तर दुसऱ्या, आणि १.५ टिकला तर मधोमध थांबतो. हॉर्न कुठे आहे हे सर्किटला पोटेन्शिओमीटरवरून कळते. त्यातल्या पट्टीवरून धातूची एक बारीक पाती सरकत असते. जुन्या सर्व्होचे दुखणे बरेचदा याच पट्टीत असते.

सरळ उडणाऱ्या विमानात शेपटीवरचा एलिव्हेटर आणि पंखांवरचे एलेरॉन हे हलणारे पृष्ठभाग, आणि त्यांचे सर्व्होही, बहुतेक वेळ मधोमधच असतात. इंजिनाच्या थरथरीने पाती त्याच जागी घासत राहते आणि पट्टी नेमकी मध्यावर झिजते. टोकांकडे ती जवळजवळ नवी असते. त्यामुळे टेबलावर ट्रान्समीटरची स्टिक भराभर फिरवली की सगळे ठणठणीत वाटते, कारण झिजलेली जागा क्षणात ओलांडली जाते.

ग्लो इंजिनाच्या एका वापरलेल्या बाल्सा ट्रेनरची खरेदी अशाच परीक्षेवर झाली. चारही सर्व्हो हलले, पैसे दिले गेले. पहिली दोन उड्डाणे सुरळीत झाली. तिसऱ्या वेळी उतरण्यासाठी वळताना एलिव्हेटरने आचका दिला आणि नाक खाली गेले. सावरायला उंची उरली नव्हती. नंतर तो सर्व्हो टेस्टरवर हळू फिरवला, तेव्हा मध्याजवळ हॉर्न थरथरताना दिसला. मैदानाच्या कडेला मुले उभी असतात. विमान त्यांच्यावर जाण्याच्या धोक्यापुढे ते मोडणे ही लहान गोष्ट.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करावी. जुन्या निकेल-कॅडमियम पॅकची काळी वायर सोलून पाहिली की आतले तांबे काळवंडलेले आढळू शकते. तसे असेल तर पॅक, वायर आणि स्विच तिन्ही टाकून द्यावेत. जुने सर्व्हो चार सेलच्या ४.८ व्होल्टसाठी बनलेले असतात. पूर्ण भरलेला दोन सेलचा लिपो पॅक ८.४ व्होल्ट देतो. तो थेट जोडला तर सर्किट जळू शकते. काही जुन्या संचांत वायरींचा क्रमही वेगळा असतो, म्हणून प्लग बसतो एवढ्यावर विसंबू नये.

मग हॉर्नला पृष्ठभागाशी जोडणारा पुशरॉड सोडवून सर्व्हो टेस्टरला जोडावा आणि हॉर्न एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्यावा. दहा-पंधरा सेकंद लागले तरी चालतील. मध्याजवळ तर आणखी हळू. कुठे थरथर, उडी किंवा अडखळ दिसली तर तो सर्व्हो बाद समजावा. कॉन्टॅक्ट स्प्रे मारल्याने थरथर काही दिवस थांबते, पण झिजलेली पट्टी भरून येत नाही. अशा दुरुस्तीवर एलिव्हेटर सोपवू नये.

हॉर्नला बोटाने हलका विरोध करत हीच फेरी पुन्हा करावी. एकाच जागी 'टक' असा आवाज आला तर नायलॉनच्या चाकाचा दाता मोडलेला असतो, बहुधा आधीच्या अपघातात. चाकांचा संच मिळत असेल तर पूर्ण बदलावा. चाके झिजून हॉर्नमध्ये आलेल्या खुळखुळाटाकडेही दुर्लक्ष करू नये. वेग वाढला की एलेरॉन त्याच्यामुळे फडफडू लागतो. हॉर्न बदलताना तो बसतो त्या दांड्यावरच्या दात्यांची संख्या पाहावी: फुटाबाचे २५, हायटेकचे २४, जेआरचे २३. दुसऱ्या कंपनीचा हॉर्न दाबून बसवला तर तो भार पडताच घसरतो.

अॅनालॉग सर्व्हो स्थिर असताना जेमतेम १० मिलिअँपिअरच्या आसपास करंट घेतो. स्थिर असूनही गुणगुणणारा, गरम होणारा सर्व्हो संशयास्पद मानावा. वरवर निर्दोष ठरलेला सर्व्होही अर्धा तास सतत चालवून पुन्हा मध्यावर तपासावा. सर्व्होच्या बैठकीखालचे रबर तेलाने फुगले किंवा कडक झाले असेल तर नवे घालावे.

शेवटची परीक्षा मैदानावर. विमान दुसऱ्या व्यक्तीने घट्ट धरावे, इंजिन पूर्ण वेगाने चालू असावे, ट्रान्समीटर रेंज-तपासणीच्या मोडमध्ये ठेवून उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर जावे आणि स्टिक मध्याभोवती हळू हलवावी. तिथेही पृष्ठभाग निश्चल राहिले, तरच विमान उड्डाणासाठी घ्यावे.