चावी आपल्या घरात नको

एम्युलेटर लिहायला बसतोयस, तर आधी हे ऐकून घे. वकील हेच सांगेल, पण फी लावून.

दुसऱ्याच्या यंत्रासारखं वागणारं सॉफ्टवेअर लिहिणं हा अमेरिकेतही गुन्हा नाही. मॅकवर प्लेस्टेशनचे गेम चालवणाऱ्या कनेक्टिक्सला सोनीने कोर्टात खेचलं. 2000 साली अपील कोर्टाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. अभ्यासासाठी त्यांनी बायॉसच्या प्रती काढल्या होत्या, पण विकलेल्या मालात सोनीचा कोड नव्हता. तूही तसंच वाग. फुटलेलं एसडीके कुणी ‘बघ तर’ म्हणत पाठवलं, तर उघडूसुद्धा नकोस. काय तपासलं, त्यातून काय कळलं, ते तारखेनिशी लिहून ठेव. चाचणीला हौशी लोकांनी लिहिलेले मोफत गेम वापर.

खरी गोम कुलपात आहे. अमेरिकेच्या 1998 च्या डीएमसीए कायद्यात कुलूप तोडणं आणि तोडायचं हत्यार वाटणं, दोन्ही वेगळे अपराध आहेत. निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलचे गेम एन्क्रिप्ट केलेले असतात, तेच हे कुलूप. स्विचचा एम्युलेटर युझू बनवणारे चाव्या देत नव्हते, पण त्या कशा काढायच्या ते समजावून सांगत होते आणि आगाऊ आवृत्त्यांसाठी पॅट्रिऑनवर पैसे घेत होते. त्यातच झेल्डाचा नवा गेम 2023 मध्ये बाजारात येण्याआधीच फुटला. फेब्रुवारी 2024 मध्ये निन्टेन्डोने दावा ठोकला आणि आठवडाभरात 24 लाख डॉलरवर तडजोड झाली. युझू बंद, सोबत त्याच मंडळींचा दुसरा एम्युलेटर सिट्राही बंद. खटला चाललाच नाही, त्यामुळे त्यांची बाजू कोर्टात टिकली असती का, हा प्रश्न तसाच राहिला. माझं मत विचारशील तर मार्गदर्शक पानं आणि पैसे, या दोहोंनी त्यांना अडकवलं.

म्हणून चावी कोडात नको, आणि ती कशी मिळवायची याची माहितीही तुझ्या पानावर नको. डिस्कॉर्डवर कुणी ‘अमुक रॉम कुठे मिळेल’ विचारलं, तर संदेश लगेच काढून टाक. तिथली थट्टामस्करीही उद्या पुरावा म्हणून पुढे येऊ शकते.

आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या 52व्या कलमात दोन प्रोग्राम एकमेकांशी जुळवून घेण्यासाठी लागणाऱ्या अभ्यासाला सवलत आहे. 2012 च्या दुरुस्तीने आलेलं 65अ मात्र हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं. आणि तू पुण्यात बसलास तरी कोड गिटहबवर आणि पैसे पॅट्रिऑनवर, म्हणजे नोटीस अमेरिकन कायद्याची येणार.

आणखी एक. प्लेस्टेशनचा एम्युलेटर विकणाऱ्या ब्लीम या कंपनीवरही सोनीने दावा लावला होता. जाहिरातीत प्लेस्टेशनच्या गेमची चित्रं वापरण्यावरून झालेल्या वादात अपील कोर्टाने ब्लीमची बाजू मान्य केली. तरी कोर्टकचेरीच्या खर्चाने 2001 मध्ये कंपनी बंद पडली. तेव्हा पहिला रुपया घेण्याआधी एकदा वकिलाकडे जाऊन ये.