अंदमानला पासपोर्ट लागतो का?

प्रश्न : जानेवारीत सासूबाई (वय ६८) आणि दोन मुलांसह बेटावर जायचंय. अंदमानला पासपोर्ट लागतो, लक्षद्वीपला काहीच लागत नाही, असं ऐकलं. खरं काय? सासूबाईंना बोट लागते. – एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, ऐकलंत ते नेमकं उलटं आहे. अंदमानच्या पर्यटनस्थळांसाठी भारतीयांना पासपोर्ट किंवा परवाना लागत नाही. सरकारी ओळखपत्र पुरतं. लक्षद्वीपला मात्र आपल्यालाही प्रवेश परवाना काढावा लागतो, आणि जहाज कोचीहून रात्रभराचं. सासूबाईंचा विचार करता मी अंदमानच सुचवेन. मोपा विमानतळावरून चेन्नई किंवा बंगळुरूमार्गे विमानानं पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम.

जानेवारीत समुद्र बहुधा शांत असतो. तरी तिथून हॅवलॉक बेटाची (स्वराज द्वीप) फेरी दीड-दोन तासांची. ती सकाळची घ्या. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच, निघण्याआधी द्या. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरलाच मुक्काम ठेवा, कारण हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात. तिथं सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दिवस पहाटेच सुरू करा. सेल्युलर जेलला निवांत अर्धा दिवस द्या. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिने चढावे लागतात. सासूबाईंना खाली अंगणात सावलीत बसवता येईल.

मुलांना आधीच बजावा : किनाऱ्यावर पडलेला पोवळ्याचा तुकडाही खिशात घालायचा नाही. तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि विमानतळावर सामान तपासतात.