पेट्रोल आहे, पण पोचत नाही

प्रश्न : माझ्याकडे 2014 सालची 110 सीसीची गिअरलेस स्कूटर आहे, कार्बोरेटरवाली. जुळे सोलापूरहून रोज चिंचोळी एमआयडीसीत कामाला जातो. गेले दोन महिने बाळ्याच्या पुढे गेलं की गाडीची ओढ कमी होते, मग झटके मारते आणि बंद पडते. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते. टाकी फुल्ल असली तर उलट लवकर बंद पडते. प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतला. आता मेकॅनिक नवा कार्बोरेटर टाकायला सांगतोय. शेजारी म्हणतात, हे सगळं इथेनॉलमुळे. डिकीत पेट्रोलचा वास यायचा म्हणून टाकीच्या झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घालून ते घट्ट बसवतो, बाकी गाडीला मी काही केलेलं नाही. नेमकं काय बघू? आणि जाता जाता विचारतो : स्कूटर चालू होईना की आमचे वडील ती आडवी करायचे. त्यात काही अर्थ होता का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नवा कार्बोरेटर आत्ता घेऊ नका. आधी तो प्लास्टिकचा कागद काढा.

तुमच्या गाडीत पेट्रोल टाकीतून कार्बोरेटरकडे स्वतःच्या वजनाने उतरतं. जितकं पेट्रोल खाली जाईल तितकी हवा वरून टाकीत आली पाहिजे. ती येण्यासाठी झाकणातच एक बारीक वाट ठेवलेली असते. किराणा दुकानदार तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एक नाही, दोन भोकं पाडतो, तेच हे. वाट बुजली की टाकीत हवेचा दाब कमी होत जातो आणि पेट्रोल जागच्या जागी अडून राहतं. टाकी आणि कार्बोरेटर यांच्या उंचीत फरक असतो तो वीतभर. एवढ्या उंचीवरून उतरणाऱ्या पेट्रोलचा जोर वातावरणाच्या दाबाच्या दोन टक्केही भरत नाही. म्हणजे टाकीतला दाब नुसता तेवढा घटला तरी धार थांबते.

टाकी फुल्ल असताना लवकर का, याचंही उत्तर यातच आहे. भरलेल्या टाकीत वर हवेला जागा जेमतेम असते. तेवढीच हवा ताणली जाते, त्यामुळे थोडं पेट्रोल गेलं तरी दाब झपकन उतरतो. टाकी अर्धी असेल तर वर हवा भरपूर, दाब हळू उतरतो आणि गाडी जास्त लांब जाते. प्लास्टिकच्या कडेने थोडी हवा शिरत असणार, म्हणून तुम्ही बाळ्यापर्यंत तरी पोचता. थांबलात की तीच हवा हळूहळू आत जाते, पेट्रोल पुन्हा उतरतं आणि गाडी निमूटपणे सुरू होते. तुमच्या पत्रातल्या तिन्ही खुणा एकाच जागेकडे बोट दाखवतात.

खात्री करायला खर्च नाही. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की सीट उघडून झाकण हळूच सैल करा. आत हवा ओढल्याचा 'फुस्स' आवाज आला आणि मिनिटभरात गाडी चालू झाली, तर चोर सापडला. वासाचं कारण बहुधा झाकणाच्या आतलं कडक झालेलं रबर. ते रबर किंवा गरज पडली तर आख्खं झाकण नवीन घ्या. नव्या झाकणावर पुन्हा कागद लावू नका, एवढी कळकळीची विनंती. वास थांबला नाही तर नळी किंवा कॉक गळत असेल, आणि बंद डिकीत पेट्रोलची वाफ साठणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

समजा झाकण नीट केलं आणि तरीही गाडी बंद पडते. मग टाकीपासून खाली, पेट्रोल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने तपासत जा. आपल्याकडे तपासणी नेमकी शेवटच्या टोकाला, कार्बोरेटरला, सुरू होते आणि तिथेच संपते. मला हे मनापासून खटकतं, कारण गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं.

टाकीनंतर येतो कॉक. जुन्या स्कूटरला हाताने फिरवायचा कॉक असायचा. तुमच्यासारख्या बहुतेक गिअरलेस गाड्यांत व्हॅक्यूमवर चालणारा आपोआप कॉक असतो. इंजिन फिरलं की त्याच्या ओढीने आतला रबरी पडदा मागे सरतो आणि पेट्रोलची वाट उघडते, इंजिन थांबलं की वाट बंद. याला दोन नळ्या असतात, एक पेट्रोलची आणि एक व्हॅक्यूमची. इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत, आसपास विडी-काडी नाही याची खात्री करून, कार्बोरेटरकडची पेट्रोलची नळी काढा, तिचं तोंड काचेच्या बाटलीत धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी किक मारायला सांगा. दर किकेला चळकन पेट्रोल आलं पाहिजे. थेंब-थेंबच आलं, तर आधी झाकण उघडं ठेवून हेच पुन्हा करा. तरीही थेंबच, तर कॉकमधली जाळी गाळाने भरली आहे किंवा पडदा कडक झाला आहे. मग व्हॅक्यूमची नळी काढून तिच्या तोंडाशी बघा. तिच्यात कधीही पेट्रोल दिसता कामा नये. ओली असेल तर पडदा फाटलाय आणि पेट्रोल भलत्याच वाटेने थेट इंजिनात जातंय. अशी गाडी सकाळी चालू व्हायला त्रास देते, काळा धूर सोडते आणि इंजिन ऑइललाही पेट्रोलचा वास येतो. तेव्हा कॉकबरोबर ऑइलही बदलावं लागतं.

बाटलीतलं पेट्रोल टाकून देऊ नका, दहा मिनिटं तसंच ठेवून तळ बघा. तांबूस गाळ म्हणजे टाकीला गंज. तळाशी वेगळा थर म्हणजे पाणी.

कॉक ठीक निघाला तर मग कार्बोरेटर : फ्लोट, नीडल, जेट. आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. कार्बोरेटरच्या वाटीत 20 मिलिलिटर पेट्रोल धरलं आणि गाडी लिटरला 45 किलोमीटर देत असेल, तर वाटीतल्या पेट्रोलवर ती 900 मीटर जाते. म्हणजे वाट ठार बंद झाली असती तर तुम्ही आसरा चौकाच्या आसपासच अडकला असता. बाळ्यापर्यंत जाता याचा अर्थ पेट्रोल येतंय, पण खर्चापेक्षा कमी. जेटमध्ये कचरा असता तर गाडीने घरातूनच कुरकुर केली असती आणि दहा मिनिटांच्या विश्रांतीने तो कचरा कुठे गेला नसता.

हे सगळं पेट्रोलचंच दुखणं कशावरून? बंद पडण्याच्या रीतीवरून. पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी ओढ सोडते, झटके मारते, मग थांबते. ठिणगी पाडणारी कॉइल किंवा सीडीआय तापून दगा देत असेल तर बटण दाबल्यासारखी एका क्षणात गप्प होते, आणि थंड झाली की तीही पुन्हा सुरू होते. म्हणून या दोघांची गल्लत फार होते. तुमची गाडी झटके मारून थांबते.

उन्हाचाही वाटा असू शकतो. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा 42-43च्या घरात जातो आणि पेट्रोलमधले हलके घटक साधारण त्याच तापमानाला उकळायला लागतात. नळी इंजिनाला टेकली असेल तर तिच्यात वाफेचे बुडबुडे अडतात. पण मग भल्या सकाळी हा त्रास होता कामा नये. पहाटे जाऊन बघा. तेव्हाही बंद पडली तर उन्हाला सोडून द्या.

आता इथेनॉल. ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात याबद्दल नीट बोलायला हवं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे सुरुवातीचे प्रयोग 2001 साली झाले, त्यांतली दोन ठिकाणं आपल्याच राज्यातली : मिरज आणि मनमाड. 2003मध्ये काही राज्यांत 5 टक्के मिश्रण सुरू झालं, 2022मध्ये देशाने 10 टक्के गाठले आणि 2025मध्ये 20. हे मिश्रण पंपावर होत नाही, तेल कंपन्यांच्या डेपोत होतं. तुमच्याच रस्त्याच्या अंगाला पाकणीला असे डेपो आहेत.

लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे 20 टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या मानाने 6-7 टक्के तूट हिशेबानेच निघते. तुमची 2014ची गाडी या मिश्रणासाठी बनवलेली नाही. जुनं रबर फुगतं किंवा चिरतं, टाकीतला जुना गाळ सुटून जाळीत येतो, आणि कार्बोरेटरला स्वतःहून मिश्रण जुळवून घेता येत नाही. म्हणून नळ्या, कॉकचा पडदा आणि ओ-रिंग या वर्षी बदलून घ्याच. इथेनॉल पाणीही धरून ठेवतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की दोघं मिळून तळाशी बसतात, आणि कॉक तळातूनच ओढतो. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. एवढं सगळं असूनही, दर वेळी बाळ्यापुढे बंद पडणं आणि पंधरा मिनिटांनी बरं होणं हे इथेनॉलचं लक्षण नाही.

ज्यांच्या गाड्या एप्रिल 2020नंतरच्या, बीएस-6 आहेत, त्यांच्यात सहसा कार्बोरेटर नसून टाकीत विजेचा पंप असतो. चावी फिरवल्यावर दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू आली पाहिजे. ती आली नाही तर आधी फ्यूज आणि बॅटरी बघा. असा पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, म्हणून टाकी सतत तळाला नेऊ नये.

राहिला वडिलांचा प्रश्न. त्यांच्या कृतीत अर्थ होता. त्या स्कूटरची टाकीही सीटखाली आणि पेट्रोल स्वतःच्या वजनानेच उतरणारं. पेट्रोल कमी असलं की ते टाकीच्या कोपऱ्यात, कॉकच्या तोंडापासून दूर राहायचं. गाडी कलती केली की तोंडाशी यायचं आणि नळीत अडलेला हवेचा बुडबुडाही सुटायचा. शिवाय कलंडल्यावर फ्लोट जागचा हलून वाटीत थोडं जास्त पेट्रोल भरायचं आणि थंड इंजिनाला चोक दिल्यासारखं व्हायचं. तुमच्या गाडीवर मात्र हे करू नका. इंजिन फिरत नाही तोवर तिचा कॉक उघडणारच नाही, वाटीतलं पेट्रोल तेवढं ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर सांडेल.