ट्रायकोकार्डांतील नरमाद्यांचा हिशेब

कपाशीस बोंडअळीसाठीं ट्रायकोकार्ड लावणाऱ्या मेडशीकडील शेतकरी बंधूंनीं एक हिशेब ध्यानांत घ्यावा. कार्डांतून ट्रायकोग्रामा हे गांधीलमाशीच्या वर्गांतील सूक्ष्म कीटक निघतात. त्यांतील मादीच बोंडअळीच्या अंड्यांत आपलें अंडें घालून तें निकामी करिते. नराचा त्या कामीं उपयोग नाहीं.

फलित अंड्यांतून मादी व अफलित अंड्यांतून नर होतो. यास्तव नर किती व्हावे हें बहुतांशीं आईच्या हातीं असतें. त्याचें गणित विल्यम हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९६७ सालीं मांडिलें. एके ठिकाणीं अंडीं घालणाऱ्या माद्यांच्या संख्येंतून एक वजा करून बाकीस त्या संख्येच्या दुपटीनें भागावें. येईल तो नरांचा हिस्सा. दोन माद्या असल्यास पाव, पांच असल्यास दोन पंचमांश, पुष्कळ असल्यास जवळजवळ निम्मा. एकटी मादी असेल तर उत्तर शून्य, म्हणजे व्यवहारांत एखाददुसरा नर. कारण हे कीटक जन्मतांच तेथल्या तेथें जुळतात. सर्व बहिणींस एक भाऊ पुरतो, अधिक भाऊ आपसांत झगडून आईचा वंश वाढवीत नाहींत. परकी मादी शेजारीं आली, कीं तिच्या मुलींसाठीं मुलगे असणें लाभाचें ठरतें. वाटणीचीं प्रकरणें लिहिण्यांत जन्म गेलेल्या मज कारकुनास हें चटकन् पटलें!

कार्ड तयार करितांना तांदळावरील पतंगाच्या थोड्या अंड्यांवर फार माद्या सोडिल्या, तर नर वाढतात व कार्डाचें काम घटतें. म्हणून कार्ड घेतांना अंडीं किती एवढेंच न विचारतां, माद्या शेंकडा किती निघतात हेंही विचारावें.