भुकेल्या मुलांसाठी उभा राहिलेला फुटबॉल संघ



आपण फुटबॉल आवडीने खेळतो, पाहतो. पण खेळ कशासाठी, हा प्रश्न क्वचितच विचारतो. तत्त्वज्ञानात साध्य आणि साधन असा भेद करतात. साधनालाच साध्य मानले की माणूस वाट चुकतो. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या सेल्टिक संघाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले आणि भीषण दुष्काळ पडला. असंख्य आयरिश कॅथोलिक कुटुंबे पोटासाठी ग्लासगोला आली व शहराच्या पूर्व भागात दाटीवाटीने राहू लागली. तेथील शाळेत मारिस्ट व्रतस्थ ब्रदर वॉलफ्रिड मुख्याध्यापक होते. मुले उपाशीपोटी शाळेत येत. त्यांच्या जेवणाची सोय झाली, पण पैसा कमी पडे. तेव्हा ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरी चर्चच्या सभागृहात फुटबॉल संघ स्थापन झाला. सामन्यांच्या उत्पन्नातून मुलांना जेवण द्यायचे, हा हेतू. २८ मे १८८८ रोजी पहिल्याच सामन्यात सेल्टिकने रेंजर्सला ५-२ असे हरवले.

पुढे यश आले, पैसाही आला. १८९२ साली ब्रदर वॉलफ्रिड यांची लंडनला बदली झाली. १८९७ साली संघाची कंपनी झाली, भागधारक आले आणि भुकेली मुले मागे पडली.

दुसरी घसरण अधिक गंभीर होती. सेल्टिक म्हणजे कॅथोलिक, रेंजर्स म्हणजे प्रोटेस्टंट, अशी फूट पडली. रेंजर्सने अनेक दशके कॅथोलिक खेळाडू टाळले. १९८९ साली त्यांनी सेल्टिकचा माजी कॅथोलिक खेळाडू मो जॉन्स्टन याला घेतले, तेव्हा दोन्हीकडचे चाहते संतापले. द्वेषाची गाणी दोन्ही बाजूंनी गायली गेली. ख्रिस्ताचे नाव घेणारेच एकमेकांना शिव्या देत होते!

याउलट, १९६५ साली सेल्टिकचे व्यवस्थापक झालेले जॉक स्टीन प्रोटेस्टंट होते. त्यांच्या संघात दोन्ही पंथांचे खेळाडू होते आणि सारे मैदानापासून सुमारे पन्नास किलोमीटरच्या परिसरात जन्मलेले. २५ मे १९६७ रोजी लिस्बनमध्ये त्यांनी इंटर मिलानला २-१ असे नमवून युरोपियन चषक जिंकला. हा मान मिळवणारा तो पहिला ब्रिटिश संघ.

मूळ हेतू मात्र पुरता विझलेला नाही. अलीकडच्या काळातही सेल्टिकच्या चाहत्यांनी मैदानाबाहेर उभे राहून गरजूंसाठी अन्नधान्य गोळा केले आहे.

संघावर प्रेम करणे यात गैर काही नाही. ते प्रेम आपल्याला शेजाऱ्याजवळ नेते की त्याच्यापासून तोडते, यावर त्याची किंमत ठरते.

चिंतनासाठी :

१. आपला संघ हरला की आपल्या तोंडी कोणते शब्द येतात?

२. आपल्या स्पर्धांच्या उत्पन्नातील किती भाग गरजूंपर्यंत पोहोचतो?

३. खेळताना आपण कोणाला ‘परका’ ठरवतो आणि का?