नाव शेवटपर्यंत वाचावे

आपल्याला आता अक्षरे लावता येतात. पाटी दिसली की आपण वाचू लागतो. पण पुष्कळदा पहिले दोन शब्द वाचले की आपण थांबतो. पुढचे काय असेल ते मनानेच ठरवतो. गावात असे केले तर फारसे बिघडत नाही. मुंबईत मात्र बिघडते. ते कसे, ते या पाठात सांगतो.

मुंबईत जमिनीखालून एक आगगाडी धावते. तिला मेट्रो म्हणतात. मुंबईत मेट्रोचे मार्ग बरेच आहेत. त्यांतला हा तिसरा, म्हणून याला मेट्रो तीन म्हणतात. हा मार्ग उत्तरेला आरे येथे सुरू होतो आणि दक्षिणेला कफ परेड येथे संपतो. लांबी सुमारे साडेतेहेतीस किलोमीटर. स्टेशने २७. त्यांतले आरे तेवढे जमिनीवर आहे. बाकीची २६ जमिनीच्या पोटात आहेत.

हा मार्ग एकदम सुरू झाला नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात पहिला तुकडा सुरू झाला. २०२५ च्या मे महिन्यात गाडी वरळीच्या पुढे आचार्य अत्रे चौकापर्यंत जाऊ लागली. २०२५ च्या ऑक्टोबरात ती कफ परेडपर्यंत पोचली. तेव्हापासून विमानतळावर उतरलेला माणूस जमिनीखालून थेट बोरीबंदरला येऊ शकतो.

हे भुयार कोणी खणले? मोठमोठ्या यंत्रांनी. यंत्र उंदरासारखे माती-खडक कुरतडत पुढे जाते आणि मागे काँक्रीटचे कडे बसवत जाते. त्या यंत्रांना नद्यांची नावे दिली होती. एकीचे नाव गोदावरी, एकीचे कृष्णा, एकीचे वैतरणा. एके ठिकाणी तर भुयार मिठी नदीच्या खालून गेले आहे. वर नदी, खाली गाडी.

आता आमची हकिगत ऐका.

आमच्या वर्गात कोल्हापूरकडच्या एक काकू येतात. वय साठीच्या घरात. दीड वर्षात त्या वाचायला शिकल्या. त्यांचा मुलगा आखाती मुलखात मजुरीला असतो. वडील वारले तेव्हा त्याला येता आले नव्हते. त्यानंतर प्रथमच तो गावी येणार होता. फोनवर तो म्हणाला, "आई, तू मुंबईला येऊ नको. गर्दीत हरवशील. माझा मी येईन."

पण काकूंचा हट्ट. "पोरगा इमानातनं उतरला की पहिलं तोंड घरच्या माणसाचं दिसाय पायजे. गुरुजी, तुम्ही संगं चला."

हट्टामागे आणखी एक कारण होते. मागच्या खेपेला हा मुलगा रात्री विमानतळावर उतरला, तेव्हा ही मेट्रो नव्हती. एक माणूस गोड बोलून पुढे आला. "कुठं जायचं दादा? चला, सोडतो." भाडे आधी ठरवले नाही. स्टेशनात पोचल्यावर त्याने मागितले ते पैसे म्हणजे मुलाची आठवड्याची कमाई. भांडण झाले, गाडी चुकली. रात्र फलाटावर काढावी लागली. काकू ते विसरल्या नव्हत्या.

२०२५ च्या डिसेंबरात आम्ही दोघे महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालो. सकाळी बोरीबंदरला उतरलो. या स्टेशनाला पूर्वी व्ही. टी. म्हणत. आज त्याचे नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. थोडक्यात सीएसएमटी. तिथेच जमिनीखाली मेट्रोचे स्टेशन आहे.

सरकत्या जिन्याने खाली गेलो. काकूंनी लुगड्याचा घोळ वर धरला आणि कठड्याला हात लावला. आम्ही सांगितले, "पायरी पुढं आली की पाय ठेवायचा, आणि वर बघायचं." ज्याला जिन्याची भीती वाटते त्याच्यासाठी लिफ्ट असते. मागायला लाजू नये.

खाली पिशव्यांची तपासणी झाली. मग तिकिटाची खिडकी. मेट्रोचे भाडे अंतरावर असते. मार्ग पूर्ण झाला त्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, कमीत कमी १० रुपये आणि जास्तीत जास्त ७० रुपये होते. आम्ही खिडकीवर म्हटले, "विमानतळ." आतल्या बाईंनी विचारले, "टी वन की टी टू?"

इथेच पहिली अडचण. मुंबईच्या विमानतळाला दोन मोठ्या इमारती आहेत. एक टर्मिनल १, दुसरी टर्मिनल २. दोन्हींसाठी मेट्रोची स्टेशने वेगळी आहेत. परदेशाहून येणारी विमाने टर्मिनल २ ला लागतात. म्हणून आम्ही टी २ चे तिकीट घेतले.

तिकीट म्हणजे कागदाचा तुकडा. त्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन असतो. तो चौकोन फाटकावरच्या काचेसमोर धरला की फाटक उघडते. तिकीट टाकून देऊ नये. बाहेर पडतानाही तेच दाखवावे लागते.

फलाटावर दोन बाजू. एका बाजूची गाडी कफ परेडकडे जाते. दुसरीकडची आरेकडे. आपले स्टेशन कोणत्या टोकाच्या वाटेवर आहे ते नकाशात बघावे. विमानतळ आरेच्या वाटेवर, म्हणून आम्ही आरेच्या बाजूला उभे राहिलो. फलाटाच्या कडेला काचेची भिंत असते. गाडी थांबल्यावर भिंतीची दारे आणि गाडीची दारे बरोबर उघडतात. त्यामुळे रुळावर कोणी पडत नाही.

गाडी सुटली. शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारले, "कुठे निघालात?" काकू म्हणाल्या, "सहारच्या इमानतळावर. पोरगं यायचं हाय." गृहस्थ म्हणाले, "मग सांगतो तुम्हांला."

सांताक्रूझ गेले. विमानतळाचे टी १ गेले. पुढच्या स्टेशनात गाडी शिरताच गृहस्थ म्हणाले, "आलं सहार. उतरा, उतरा." खरे सांगतो, आम्हीही उठलो. पिशवी खांद्याला लावली. सहारचा विमानतळ असे आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो होतो. पाटीवर सहार दिसले आणि आम्ही पुढचे वाचलेच नाही.

काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. काचेतून त्या पाटी वाचत होत्या. बोट हवेत फिरवत एकेक अक्षर लावत होत्या. "स-हा-र… रो-ड. गुरुजी, थांबा की! ह्यो रोड हाय. आपल्या तिकिटावर टी आन् दोनचा आकडा हाय. हितं दोन कुठं हाय?"

दारे बंद झाली. पुढचे स्टेशन आले. नावाच्या शेवटी टी २ होते. तिथे उतरलो.

गृहस्थांनी मुद्दाम फसवले नव्हते. जुन्या माणसांच्या तोंडी टर्मिनल २ म्हणजे सहार आणि टर्मिनल १ म्हणजे सांताक्रूझ. पण मेट्रोवर सहार रोड हे एक वेगळे स्टेशन आहे. सांताक्रूझ हेही वेगळे स्टेशन आहे. तोंडातले नाव आणि पाटीवरचे नाव एकच असेल असे नाही. शिकवणारे आम्ही, आणि त्या दिवशी वाचले ते काकूंनी.

मेट्रोचे स्टेशन विमानतळाच्या इमारतीत नाही. बाहेर येऊन पाट्या बघत इमारतीकडे जावे लागते. भेटायला आलेल्यांना आत सोडत नाहीत. आम्ही बाहेरच्या कठड्याशी उभे राहिलो. दुपारी मुलगा आला. हातगाडीवर दोन बॅगा. आईला पाहिले आणि तो जागीच थांबला. काकूंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

तेवढ्यात एक माणूस आलाच. "चला दादा, स्टेशनला सोडतो." काकू म्हणाल्या, "नगं बाबा. आमाला रस्ता ठावं हाय."

परतीचे तिकीट सीएसएमटीचे घेतले. इथेही एक खाचखळगा आहे. विमानतळाला महाराजांचे नाव आहे आणि रेल्वेच्या स्टेशनालाही महाराजांचेच नाव आहे. दोन्ही नावे 'छत्रपती शिवाजी महाराज' अशीच सुरू होतात. पुढे 'आंतरराष्ट्रीय विमानतळ' आहे की 'टर्मिनस' आहे ते वाचले तरच फरक कळतो. या वेळी आम्ही कफ परेडच्या बाजूला उभे राहिलो.

मुलगा रात्रभर जागा होता. त्याला डुलकी लागली. तेरावे स्टेशन आले तशी घोषणा झाली, "महालक्ष्मी." मुलगा दचकून उठला. "आई, ऊठ! आपली महालक्ष्मी!"

काकू हसल्या. "आरं बस खाली. आपली महालक्ष्मी ही गाडी. ह्ये ठेसन. गाडी बोरीबंदरला हाय."

सगळेजण हसले. मुलगाही हसला. मग त्याने आईकडे नीट पाहिले. "आई, तुला हे वाचता आलं?"

"मग? पत्र टाक म्हनं आता. फोनवर निम्मं ऐकू येत न्हाई."

त्याच्यापुढचे स्टेशन जगन्नाथ शंकर शेट. हेही ध्यानात ठेवा. मुंबई सेंट्रलला, म्हणजे एस. टी. च्या मोठ्या स्थानकाला जायचे असेल तर इथे उतरावे. 'मुंबई सेंट्रल' ही अक्षरे शोधत बसलात तर गाडी पुढे निघून जाईल. जगन्नाथ शंकरशेट हे मुंबईचे मोठे पुढारी होते. आपल्या देशातली पहिली उतारूंची आगगाडी १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेली. ती रेल्वे उभी करण्यात त्यांचा हात होता. म्हणून त्यांचे नाव या स्टेशनाला शोभते.

विमानतळाच्या टी २ पासून अठरावे स्टेशन सीएसएमटी. प्रवासाला पाऊण तास धरावा. आम्ही उतरलो, जिन्याने वर आलो. संध्याकाळची महालक्ष्मी एक्सप्रेस सुटायला अवकाश होता. फलाटावर बसून तिघांनी काकूंच्या भाकऱ्या खाल्ल्या. मुलाच्या खिशातले पैसे खिशातच राहिले होते.

एवढे ध्यानात ठेवा

१. निघण्यापूर्वी स्टेशनाचे पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या. विमानतळ असेल तर टी १ की टी २, तेही लिहा.

२. इंग्रजी दोनाचा आकडा आपल्या दोनासारखाच वळणदार असतो. इंग्रजी एक मात्र उभ्या काठीसारखा असतो. दोन्ही ओळखायला शिका.

३. फलाटावर आधी टोकाच्या स्टेशनाचे नाव वाचा. शहराकडे जायचे तर कफ परेड.

४. जमिनीखाली फोन लागेलच असा भरवसा धरू नये. पत्ता आणि नंबर कागदावर ठेवा.

५. आपल्या स्टेशनाच्या आधीच चुकून उतरलात तर घाबरू नका. फाटकाबाहेर जाऊ नका. त्याच फलाटावर थांबा आणि त्याच बाजूची पुढची गाडी धरा.

६. मेट्रो रात्रभर चालत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात पहिली गाडी पहाटे ५ वाजून ५५ मिनिटांनी आणि शेवटची रात्री साडेदहाला सुटत होती. विमान त्यानंतर येणार असेल तर दुसरी सोय आधीच करा आणि भाडे बसण्यापूर्वी ठरवा.

७. दुसऱ्याला जरूर विचारा. पण त्याने सांगितले ते पाटीवर वाचून खात्री करा.

प्रश्न

१. काकू सहार रोडला का उतरल्या नाहीत?

२. एस. टी. ने गावी जायचे असेल तर मेट्रोच्या कोणत्या स्टेशनावर उतराल?

३. तुमच्या तालुक्याच्या गावी एकसारख्या नावाची दोन ठिकाणे आहेत का? त्यांची पूर्ण नावे वहीत लिहा.