अनुभवावाचून पहिली नोकरी : संगणक प्रमाणपत्रे आणि उमेदवारी

बोरघाट चढून येणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जत येथे मागील बाजूने जादा इंजिने जोडली जातात. रेल्वेचे लोक त्यांना ‘बँकर’ म्हणतात. सदतीस फुटांस एक फूट अशा चढणीवर पुढचे इंजिन एकटे पुरे पडत नाही. खंडाळा मागे टाकून गाडी लोणावळ्यास पोहोचली की ही इंजिने सोडविली जातात आणि पुढील प्रवास गाडी स्वतःच्या बळावर करते. संगणक क्षेत्रात पहिले पाऊल टाकू पाहणाऱ्या ग्रामीण तरुणाची स्थिती घाटाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या गाडीसारखीच असते. त्याच्याजवळ उमेद असते, थोडेबहुत शिक्षण असते. परंतु ‘अनुभव किती?’ या प्रश्नापाशी त्याची गाडी थांबते. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, असे हे चक्र आहे. ते भेदण्यासाठी प्रमाणपत्राचा उपयोग किती, त्याच्या जोडीला आणखी काय हवे आणि त्यात गावातील शाळा, पंचायती व कार्यालये कोणता हातभार लावू शकतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

खंडाळ्याची परंपरा

हा प्रश्न खंडाळा-लोणावळा परिसरास विशेष जवळचा आहे. येथील अनेक कुटुंबांची उपजीविका हॉटेले, बंगल्यांची देखभाल आणि पर्यटकांच्या हंगामावर अवलंबून असते. दुसरीकडे, हिंजवडी येथील राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान आणि तळवडे येथील सॉफ्टवेअर उद्यान येथून फार दूर नाहीत. अंतर कमी आहे. दरवाजा मात्र सहज उघडत नाही. मोठ्या कंपन्यांची बरीचशी भरती अभियांत्रिकी महाविद्यालयांतून होते. कला वा वाणिज्य शाखेच्या पदवीधरास, किंवा बारावीनंतर शिक्षण थांबलेल्या मुलीस, बहुधा तांत्रिक साहाय्य, संगणक व नेटवर्क दुरुस्ती, तक्रार निवारण कक्ष अशा बाजूच्या दारातूनच आत जावे लागते. हे दार लहान असले तरी कमी प्रतीचे नव्हे.

काम करीत शिकणे ही गोष्ट या भूमीस नवीन नाही. १८६३ साली घाटातील लोहमार्ग सुरू झाला. १९१५ साली टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र सुरू झाले. त्यासाठी लागणारे पाणी लोणावळ्याच्या परिसरातील धरणांत साठविले जाते. १९४५ साली लोणावळ्यास नौदलाची ‘शिवाजी’ ही सागरी अभियांत्रिकीची प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. या तिन्ही ठिकाणी यंत्राचे ज्ञान केवळ पुस्तकातून येत नाही. हाताखाली काम करावे, चुका जाणत्याने दाखवून द्याव्यात आणि हळूहळू जबाबदारी मिळावी, हीच तेथील रीत होय. आपल्या भाषेत या रीतीस ‘उमेदवारी’ असा अर्थपूर्ण शब्द आहे.

प्रमाणपत्र काय सांगते?

महाराष्ट्रास संगणक प्रमाणपत्राची ओळख घरोघरी झाली ती एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि तालुक्यातालुक्यांतील केंद्रांतून हा अभ्यासक्रम पोहोचला. शासनसेवेतील अनेक पदांसाठी तो संगणक अर्हता म्हणून ग्राह्य धरला जातो. परंतु येथे एक गोष्ट स्पष्टपणे ध्यानात घेतली पाहिजे. एमएस-सीआयटी ही संगणक साक्षरता आहे; तो संगणकाचा व्यवसाय नव्हे. अक्षरओळख झालेला प्रत्येक मनुष्य जसा लेखनिक होत नाही, तसेच हे आहे.

व्यवसायाच्या दिशेने पुढची पायरी दोन वाटांनी गाठता येते. पहिली वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची. तेथील ‘संगणक चालक व प्रोग्रॅमिंग सहायक’ हा व्यवसाय अभ्यासक्रम एक वर्षाचा असून दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यास खुला आहे. दुसरी वाट केंद्र शासनाच्या ‘नायलिट’ या संस्थेची. पूर्वी ‘डोएक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेच्या ‘ओ’ स्तराच्या अभ्यासक्रमात कार्यालयीन साधने व नेटवर्कची मूलतत्त्वे, संकेतस्थळ रचना, पायथन भाषेतील प्रोग्रॅमिंग आणि वस्तूंचे आंतरजाल असे विषय आहेत. प्रात्यक्षिक व प्रकल्पही आहे. मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश न घेता स्वतः अभ्यास करूनही या परीक्षेस बसता येते. घर सोडून शहरात राहणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे.

याखेरीज जगभर ओळखली जाणारी उत्पादक कंपन्यांची व व्यवसाय संघटनांची प्रमाणपत्रे आहेत. संगणक दुरुस्ती व साहाय्य यांसाठी कॉम्पटियाचे ‘ए प्लस’ असून त्यासाठी दोन परीक्षा द्याव्या लागतात. नेटवर्कसाठी सिस्कोचे ‘सीसीएनए’ आहे. लिनक्स प्रणालीसाठी रेड हॅटचे ‘आरएचसीएसए’ आहे. त्याच्या परीक्षेत पर्यायांपुढे खूण करावयाची नसून प्रत्यक्ष यंत्रावर काम करून दाखवावे लागते. यांपैकी बऱ्याच प्रमाणपत्रांची मुदत तीन वर्षांची असते व नंतर ती नूतन करावी लागतात. शुल्कही अल्प नसते. सीसीएनए परीक्षेचे शुल्क ३०० डॉलर, म्हणजे २५ हजार रुपयांहून अधिक आहे. एवढी रक्कम खर्चण्यापूर्वी उमेदवाराची तयारी खरोखरच झाली आहे काय, हे तपासणे घरातील वडीलधाऱ्यांचे व शिक्षकांचे कर्तव्य ठरते.

थोडक्यात, प्रमाणपत्र हे ज्ञानाचे साक्षीदार आहे. उमेदवाराने अमुक विषय वाचला आहे व त्याच्या कसोटीस तो उतरला आहे, एवढे ते सांगते. संतापलेल्या ग्राहकाशी तो शांतपणे बोलेल काय, बंद पडलेल्या यंत्राचे कारण क्रमाने शोधील काय, घेतलेले काम वेळेवर पुरे करील काय, हे ते सांगत नाही. नियोक्ता ‘अनुभव’ म्हणून जे विचारतो, ते वस्तुतः हेच असते.

अनुभव कोठून आणावयाचा?

अनुभव म्हणजे केवळ वेतनपत्रकावरील वर्षे नव्हेत. दुसऱ्याची अडचण जबाबदारीने सोडविल्याचा पुरावा म्हणजे अनुभव, अशी व्याख्या केली तर तो गावातही मिळू शकतो. खंडाळ्याचेच उदाहरण घेऊ. येथे पावसाळ्यात वीज वारंवार जाते. दमट हवेने जोडण्यांवर गंज चढतो. लहान हॉटेलांत वायफाय बंद पडते, आरक्षणाचा संगणक मंदावतो, कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठत नाही. आसपासच्या मावळातील गावांत शाळेच्या संगणक कक्षातील निम्मी यंत्रे किरकोळ दोषामुळे पडून राहण्याचा संभव असतो. ही सर्व कामे नेटवर्क व संगणक साहाय्याच्या अभ्यासक्रमातील धडेच आहेत.

समजा, खंडाळ्यातील एका बंगल्याच्या रखवालदाराची मुलगी वाणिज्य शाखेची पदवी घेऊन घरी आहे. तिच्यासाठी एका वर्षाचा आराखडा असा होऊ शकेल.

पहिले तीन महिने तिने एक जुना संगणक मिळवून तो स्वतः उघडावा, जोडावा व त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवावी. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे अनेक छोटे पाठ मराठीतून विनामूल्य उपलब्ध आहेत; त्यांचा येथे चांगला उपयोग होतो. दुसऱ्या तिमाहीत नेटवर्कची मूलतत्त्वे शिकावीत. त्यासाठी महागडी उपकरणे घेण्याची गरज नाही; सिस्कोचे ‘पॅकेट ट्रेसर’ हे सरावाचे साधन नोंदणी करणाऱ्या विद्यार्थ्यास विनामूल्य मिळते. याच काळात एखाद्या शाळेत वा दुरुस्तीच्या दुकानात आठवड्यातून दोन दिवस काम करावे. तिसऱ्या तिमाहीत एकच परीक्षा निवडून तिची नेटाने तयारी करावी. चौथ्या तिमाहीत परीक्षा द्यावी आणि शिकाऊ उमेदवारीसाठी वा प्रारंभिक पदांसाठी अर्ज करावेत.

या वर्षभरात तिने एक कामाची वही ठेवावी. प्रत्येक कामाची तारीख, आलेली तक्रार, शोधलेले कारण, केलेला उपाय, लागलेला वेळ आणि ज्यांचे काम केले त्यांची स्वाक्षरी, एवढ्या नोंदी पुरेत. जे काम जमले नाही त्याचीही नोंद करावी व ते पुढे कोणाकडून सुटले हे लिहावे. मुलाखतीत ‘अनुभव आहे काय?’ असे विचारले असता रिकाम्या हाताने बसण्याऐवजी चाळीस-पन्नास नोंदींची वही पुढे ठेवता येते. ती वही प्रमाणपत्राची जोडीदार होय. एकटे प्रमाणपत्र जे बोलत नाही ते ती बोलते.

कायद्याने दिलेला आधार

उमेदवारीस कायद्याचे अधिष्ठान आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे. ३० वा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असे २०१९ मध्ये सुधारलेले नियम सांगतात. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेने विद्यावेतनाचा काही भाग केंद्र शासनाने उचलण्याची सोय केली. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्या प्रारंभी सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी बारावी उत्तीर्णास दरमहा ६ हजार, आयटीआय वा पदविकाधारकास ८ हजार आणि पदवीधरास १० हजार रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले होते. शासकीय व निमशासकीय कार्यालयांतही प्रशिक्षणार्थी घेण्यात आले. अशा योजनेतील महिने केवळ हजेरीत गेले तर विद्यावेतन संपताच तरुण पुन्हा पायथ्याशी येतो. तेच महिने कामाच्या वहीत उतरले तर त्याचे भांडवल होते. हा फरक बहुतांशी कार्यालयप्रमुखाच्या हाती असतो.

सावधगिरी

या क्षेत्रात फसवणूकही आहे. ‘नोकरीची हमी’ देऊन मोठी रक्कम मागणाऱ्या वर्गापासून दूर राहावे. नोकरी देण्यासाठी पैसे मागणे हेच धोक्याचे चिन्ह समजावे. कर्ज काढण्यापूर्वी त्या वर्गातून पूर्वी शिकलेल्या दोघा-चौघांना भेटून ते आज कोठे आहेत, हे विचारावे. प्रमाणपत्र देणाऱ्या मूळ संस्थेकडे त्याची पडताळणी करता येते किंवा नाही, ते पाहावे. परीक्षेचे फोडलेले प्रश्न विकत घेऊन पाठ करणे हा परीक्षेच्या नियमांचा भंग आहे व त्यापायी मिळालेले प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. सर्वांत घातक गोष्ट म्हणजे अनुभवाचा खोटा दाखला. कंपन्या नेमणुकीच्या वेळी पूर्वेतिहास तपासतात. एकदा असत्य उघडकीस आले की मिळालेली नोकरी जाते आणि नावही जाते. खरी लहान वही खोट्या मोठ्या दाखल्यापेक्षा केव्हाही श्रेष्ठ होय.

पंचायतींनी, शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी काय करावे?

माध्यमिक शाळेच्या शिक्षकांनी संगणक कक्ष सुटीच्या दिवशी दोन तास गावातील उमेदवारांस खुला करावा आणि देखभालीचे काम त्यांच्याकडून देखरेखीखाली करून घ्यावे. ग्रामपंचायतीने व नगरपरिषदेने आपल्या कार्यालयातील संगणक, छपाई यंत्रे व जोडणी यांच्या देखभालीसाठी एखाद्या उमेदवारास ठरावाने व मानधनासह संधी द्यावी. फुकट राबवून घेणे म्हणजे उमेदवारी नव्हे. मात्र दाखले, कर आणि लाभार्थी यांच्या नोंदी असलेल्या प्रणालीचे परवलीचे शब्द प्रशिक्षणार्थीच्या हाती देऊ नयेत. नागरिकांच्या वैयक्तिक माहितीचे रक्षण हे कार्यालयाचे उत्तरदायित्व असून २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने त्याचे महत्त्व अधोरेखित केले आहे. माहिती कोणती हाताळावयाची व कोणती नाही, हे शिकणे हाही प्रशिक्षणाचाच एक मोठा धडा आहे. प्रशिक्षण संपताच कार्यालयप्रमुखाने ‘काम समाधानकारक’ अशा ठोकळेबाज वाक्याऐवजी उमेदवाराने प्रत्यक्ष कोणती कामे केली, ते नेमके लिहून द्यावे. यासाठी वेगळा निधी लागत नाही. अर्धा तास लागतो.

परीक्षेचा अभ्यास उमेदवारालाच करावा लागणार, त्याची मेहनत दुसरा कोणी करू शकत नाही. गाडी ओढणारे इंजिन पुढचेच असते. परंतु पहिल्या चढणीवर मागून रेटा मिळाला नाही, तर चांगली गाडीही घाटाखाली उभी राहते. शाळा, पंचायत आणि कार्यालय यांनी तेवढ्या चढणीपुरते बँकर व्हावे. माथा गाठल्यानंतर ही मुले आपला मार्ग आपणच आक्रमतील.